पंचवीसातून वीस

३ जानेवारी

ठके,

फोन तू उचलत नाहीस. तुझ्या वहिनीच्या फोनवरून केला तरी माझा आवाज ऐकला की ठेवून देतेस. म्हणून हा कागद. कागद फाडता येतो हे मला माहीत आहे, पण फाडण्याआधी तू तो उघडणार, आणि उघडलास की शेवटपर्यंत वाचल्याशिवाय राहणार नाहीस. लहानपणी वाणसामानाच्या पुडीचा कागदसुद्धा तू वाचून मग टाकायचीस.

भाचीनं वहिनीला सगळं सांगितलं. भाऊजींचं विसरणं म्हणजे वय नव्हे, आजार आहे, असं डॉक्टरांनी आता स्पष्ट सांगितलंय म्हणे. घराचा रस्ता चुकतात, गॅस चालू ठेवतात. सांगितलेलं समजण्याची ताकद अजून चार-सहा महिने राहील, पुढचं काही सांगता येत नाही. ऐकून मला वाईट वाटलं. तुला खरं वाटणार नाही, पण वाटलं.

ती आणखी एक म्हणाली. दर दोन-चार दिवसांनी ते विचारतात, दादांचं काही आलं का? आणि तुझं म्हणणं असं, की मी कारखान्याच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी दोन ओळी लिहून द्याव्यात, की स्टोअरमधला माल त्यांनी नेला नव्हता. त्यांना समजतंय तोवर त्या ओळी त्यांच्या हातात पडाव्यात.

अगं, दोन ओळी लिहायला माझं काय जातं? पण सही-शिक्क्यानं लिहायचं तर ते खरं तर पाहिजे. मी मनात काही ठेवलेलं नाही. तीन वर्षं झाली, झालं गेलं. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर चाव्या मागितल्या त्या काही मला हौस होती म्हणून नव्हे. हिशेबानं पाच टक्के नफा उरायला हवा होता आणि प्रत्यक्षात फुटकी कवडी नव्हती. वर्षाअखेरी ऑडिटर म्हणाला, नफा असायला हवा आणि नाही, म्हणजे कुठेतरी गळती आहे. माल मोजला तर संगणकात बसवायच्या रॅमच्या अकरा पट्ट्या कमी. बोटभर वस्तू, खिशात सहज मावते, आणि स्टोअरच्या चाव्या एकाच माणसाकडे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं मी म्हणालो. ते मात्र म्हणायला नको होतं. पण पोलिसांत गेलो नाही, हे कुणी लक्षातच घेत नाही.

सोबत चेक ठेवलाय. चांगल्या डॉक्टरला दाखवा. भाऊजींना माझा नमस्कार सांग. सांगावासा वाटला तर.

दादा

२४ जानेवारी

ठके,

चेक परत आला. बरोबर चिठ्ठी नाही, शिवी नाही, नुसता चेक, मधोमध दुमडलेला. घडी मात्र अगदी काटकोनात. आपल्या आप्पांच्या दुकानात पुड्या बांधायला शिकलीस ती सवय काही गेली नाही.

कारखान्याचं विचारणार नाहीस, तरी सांगतो. मला आता हे सांगायला दुसरं कोणी नाही. तुझ्या वहिनीला टक्क्यांचा शब्द काढला की तिचं डोकं दुखतं.

पलीकडच्या कंपनीनं पुन्हा भाव उतरवलाय. आपल्यानंतर बारा वर्षांनी सुरू झाली, कानामागून आली आणि तिखट झाली. आपण ज्या शाळांना आणि कचेऱ्यांना संगणक द्यायचो तिथे आता त्यांचीच खोकी उतरतात. आमचा विक्रीवाला रोज सकाळी माझ्या टेबलासमोर उभा राहतो आणि म्हणतो, साहेब, अजून दहा टक्के उतरवू, नाहीतर मी बाहेर जाऊन काय विकू? त्याचंही चूक नाही. भाव धरून ठेवला तर माल पडून राहतो, आणि या धंद्यात पडून राहिलेला माल सहा महिन्यांत भंगार होतो. भाव उतरवला तर माल जातो, पण आपल्याला आत्ताच काही उर

ही ओळ खोडलीय, ती वाचू नकोस. उतरवला तर नफा कमी होतो, एवढंच म्हणायचं होतं.

तुला तीन वर्षांपूर्वीची ती मीटिंग आठवते का? जोडणीच्या खोलीत सगळे उभे होतो, तू डबे घेऊन आली होतीस आणि दाराशी थांबलीस. मी फळ्यावर लिहिलं होतं. आपण आप्पांच्या सवाईवर चालतो. शंभराची वस्तू सव्वाशेला. म्हणजे पंचवीस टक्के नफा. समोरचा भाव पाडतोय, तर आपणही एकदम वीस टक्के पाडू. पंचवीसातून वीस गेले, पाच उरले. नगामागे पाचच, पण नग दुप्पट जातील. सगळ्यांनी माना डोलावल्या.

एकटे भाऊजी म्हणाले, "दादा, वीस फार होतात. दहा करून बघू. नग कमी गेले तर चालतील, पण दुरुस्ती आपण घरी जाऊन करून देतो म्हणावं. त्याचे पैसे लोक देतात. भाव एकदा उतरला की परत चढवता येत नाही."

मी त्यांना काय म्हणालो ते तुला आठवत असेल. स्टोअरकीपरनं स्टोअर सांभाळावं. सगळे हसले, तेही हसले. चांगल्या मनाचा माणूस. हे मी आधीही म्हणत आलोय.

नग खरंच दुप्पट गेले. खोकी बांधायला दोन माणसं जास्त ठेवावी लागली. आता मात्र हालत बरी नाही. एक मोठी कंपनी कारखाना विकत घेऊ म्हणतेय, चौतीस माणसांसकट. मार्चअखेर सह्या होतील असं दिसतंय. तोवर माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नाही.

त्या दोन ओळींचं बघू.

दादा

१२ फेब्रुवारी

ठके,

तुझं पत्र मिळालं. तीन वर्षांत पहिलं, आणि तेही चार वाक्यांचं. "खोडलेली ओळ उजेडाला धरून वाचली. आत्ताच काही उरत नाही, असं तू लिहिलंयस. पाच उरायला हवेत म्हणून तू माझ्या नवऱ्याला चोर ठरवलंस. मग उरत का नाही, ते लिही."

तुला वकील करायला हवं होतं. आप्पा म्हणायचेच.

लिहितो. बसून वाच.

आमच्याकडे हिशेबाला एक निवृत्त शिक्षिका येतात. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, आता घरी करमत नाही म्हणून आठवड्यातले तीन दिवस. त्यांना सगळे बाई म्हणतात, मीही म्हणतो. गेल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, पाच टक्के उरतात हा आकडा कुठून आला? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, पंचवीसातून वीस. बाईंनी चष्म्यावरून बघितलं, सहावीतल्या पोराकडे बघतात तसं, आणि विचारलं, "शेकडा कशावर?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी पेन्सिलीनं मांडून दाखवलं. संगणक तयार होऊन खोक्यात जाईपर्यंत भाग, मजुरी, वीज, भाडं सगळं धरून समजा शंभर खर्च आला. सवाईनं त्याची किंमत सव्वाशे. पंचवीस टक्के नफा म्हणतो तो शंभरावर, खर्चावर. आप्पा तसाच धरायचे. पण सूट दिली ती किमतीवर, सव्वाशेवर. सव्वाशेचे वीस टक्के म्हणजे वीस नाही गं. पंचवीस. सव्वाशेतून पंचवीस गेले, राहिले शंभर. शंभराची वस्तू शंभराला.

पाच टक्के कधी नव्हतेच. एका दिवशीही नव्हते. दुप्पट नग विकले आणि दुप्पट वेळा काही मिळालं नाही. जे कधी आलंच नाही ते चोरीला गेलं असं मी समजलो.

तू विचारशील, एवढं साधं कसं दिसलं नाही? भागांचे भाव दर आठवड्याला हलायचे, म्हणून मी रकमा बघणं सोडलं होतं. टक्के तेवढे धरून बसलो. आप्पांच्या दुकानात दिव्यांवर आणि तारांवर सवाई लावायची आणि संपलं. सूट द्यायची पद्धतच नव्हती. टक्का म्हणजे टक्का, तो कशातला हे विचारायची वेळ आयुष्यात आली नाही. आणि ऑडिटर माझ्यापेक्षा शहाणा समजायचो, पण पाच उरायला हवेत हा आकडा त्यालाही मीच दिला होता.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी दिली म्हणावं, तर इथे चोरही नव्हता.

अकरा पट्ट्यांचं अजून कळलेलं नाही. पण अकरा पट्ट्यांनी कारखाना बुडत नाही, हे मलाही कळतं.

आता एक विनंती करतो. रागावू नकोस. हे मार्चअखेरपर्यंत तुझ्याजवळच ठेव. विकत घेणारे लोक सध्या कागदपत्रं तपासताहेत. मालकाला तीन वर्षं वजाबाकी येत नव्हती, असं त्यांच्या कानावर गेलं तर ते एका तासात उठून जातील. चौतीस घरं आहेत. मी सहीनिशी काही लिहून दिलं आणि ते बाहेर फुटलं तर संपलं. एकतीस मार्चला सह्या होतील, एक एप्रिलला मी तुला दोन नाही, वीस ओळी लिहून देतो. डॉक्टरांनी चार-सहा महिने म्हटलंय. त्यात बसतं.

तोवर तू तोंडी सांग ना त्यांना. दादानं कबूल केलं म्हणून सांग.

दादा

९ मार्च

ठके,

तुझं पोस्टकार्ड आलं. पोस्टमननं वाचलं असणार, शिपायानं वाचलं, आणि माझ्या टेबलावर उताणं ठेवलं.

"बाई कामाला कधी लागल्या आणि त्यांनी तुला कधी सांगितलं, ते वहिनीनं मला सांगितलं. तोंडी मी त्यांना तीन वर्षं सांगतेय. बायको म्हणणारच, असं म्हणतात. ते सारखं विचारायचे, दादांचं काही आलं का. गेल्या आठवड्यापासून विचारत नाहीत."

शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

हो, बाईंनी मला जूनमध्ये सांगितलं. गेल्या आठवड्यात नव्हे, गेल्या जूनमध्ये. तुला पहिलं पत्र लिहिलं, "ते खरं तर पाहिजे" असं आढ्यतेनं लिहिलं, तेव्हा मला सात महिने माहीत होतं. बाईंनी मांडलेला तो कागद मी खणात घालून खणाला कुलूप लावलं. बाई म्हणाल्या, तुमच्या मेहुण्यांना कळवलंत का? मी म्हणालो, कळवतो. दर सोमवारी त्या विचारायच्या आणि दर सोमवारी मी कळवतो म्हणायचो. मग त्यांनी विचारणं सोडलं. हे तुझ्या वहिनीला त्यांनीच सांगितलं असणार. ती आठ दिवस माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते.

आता काही दडवत नाही, तेव्हा राहिलेलंही लिहून टाकतो.

चाव्या घेतल्यानंतर भाऊजींनी तीन ठिकाणी स्टोअरच्या नोकरीसाठी अर्ज केले. तिन्ही ठिकाणांहून मला चौकशीचे फोन आले. मी त्यांच्याविरुद्ध एक शब्द बोललो नाही. "माणूस कसा आहे?" असं विचारलं की मी जरा वेळ गप्प राहायचो आणि मग म्हणायचो, काम माहीत आहे त्यांना. एवढंच. त्या गप्प राहण्याचा अर्थ काय होतो हे धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. एकोणीस वर्षं एका खिळ्याचा हिशेब न चुकवलेला माणूस कुरियरच्या दुकानात पार्सलं वजन करायला बसला. आणि मी स्वतःला सांगायचो, मी तर काही बोललो नाही.

अकरा पट्ट्याही सापडल्या. म्हणजे त्यांचा माग लागला. दुरुस्तीवाला नोकरी सोडून चालला होता, त्याची पेटी रिकामी करताना तळाशी त्याची वही निघाली. गिऱ्हाइकांकडे जाऊन खराब पट्ट्या बदलायच्या, आणि घाईत स्टोअरची चिठ्ठी द्यायची राहून जायची. अकरा नावं, अकरा पत्ते, तारखांसकट. मी त्याला विचारलं, तेव्हा का नाही बोललास? तो म्हणाला, साहेब, तुम्ही इतके चिडला होतात की भीती वाटली. त्याला काय बोलणार? माझी भीती वाटावी अशीच मी सोय केली होती. यातलं जाणूनबुजून कुणी काही केलं नाही. केलं ते मी.

आता राहिला कारखाना. घेणारे लोक परवा आले होते. त्यांच्यातली एक बाई, वय असेल तीसचं, तिनं एका दुपारी सगळे कागद बघितले. चार वाजता माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, तुम्ही तीन वर्षं आहे त्या खर्चात विकताय, हे तुम्हाला माहीत आहे का? मी हो म्हणालो. ती म्हणाली, मग का विकताय? मी ज्यांच्यापासून नऊ महिने लपवत होतो, त्यांना ते एका दुपारी दिसलं. संध्याकाळी त्यांचं पत्र आलं. व्यवहार होणार नाही.

म्हणजे मी भाऊजींच्या दोन ओळी ज्यासाठी अडवून धरल्या ते काही राहिलंच नाही. महिनाअखेरीला कुलूप. माणसांना मी आज सकाळी सांगितलं. विक्रीवाला रडला. खोकी बांधणाऱ्या दोघींनी विचारलं, हातातली खोकी पुरी करायची का? मी म्हणालो, करा. तेवढीच शंभराची वस्तू शंभराला जाईल.

मी माणसांना एवढ्यावर सोडलं नाही. त्याच फळ्यावर सवाईचा हिशेब मांडला, भाऊजींचं नाव घेतलं, आणि ते निर्दोष होते, चूक माझी होती, असं चौतीस जणांसमोर म्हणालो. ऐकून सगळे कामाला लागले. बैल गेला आणि झोपा केला. त्यांच्या पुढे आता घरचं भाडं आणि पोरांच्या फिया आहेत, त्यांना तीन वर्षांपूर्वीच्या गोष्टीचं काय? पण मी म्हणालो, हे तुला कळावं.

दोन ओळींची दोन पानं झालीत. कारखान्याच्या कागदावर लिहिलीत, सही केलीय, शिक्का मारलाय. दुरुस्तीवाल्याच्या वहीची नक्कल जोडलीय. पोस्टात टाकणार नाही. स्वतः घेऊन येतो. पुढच्या मंगळवारी दुपारी. माझ्याशी बोलू नकोस, बस म्हणू नकोस, फक्त दार उघड.

दादा

१८ मार्च

ठके,

काल भेटलो आणि आज पत्र लिहितोय, हे वेड्यासारखं आहे. पण तू स्वयंपाकघरात होतीस आणि मी आत काय झालं ते न सांगता निघून आलो. जिन्यावर तू विचारलंस, वाचून दाखवलंस का? मी हो म्हणालो. मग विचारलंस, कळलं का त्यांना? मी मान हलवली आणि रिक्षा थांबवली. तुला वाटलं असेल, दादा रडतोय म्हणून बोलत नाही. तेही होतं.

भाचीनं दारातच मला हळू आवाजात सांगितलं होतं, गेल्या पंधरवड्यापासून बाबा घरातले सगळे खण ओढून काढतात, गाद्या उलटतात, काय शोधताय म्हटलं की सांगत नाहीत. आजारात असं होतं असं डॉक्टर म्हणतात, असं ती म्हणाली. मी आत गेलो तेव्हा ते कपाटाच्या खणासमोर जमिनीवर बसले होते. कितीतरी वाळलेत गं. मला बघून उठले, शर्टाची बटणं लावली, खुर्ची पुढे केली. मला ओळखलं. त्यांनी मला ओळखलं याचा मला इतका आनंद झाला, की मला वाटलं, आलो वेळेवर.

मी दोन्ही पानं वाचून दाखवली. सावकाश, एकेक वाक्य. सवाईचं समजावलं. त्यांनी बोटांवर मोजून बघितलं, सव्वाशेतून पंचवीस, शंभर, आणि म्हणाले, "बरोबर आहे दादा. मी तेव्हाच म्हणत होतो, वीस फार होतात." अगदी पूर्वीच्या आवाजात. मला तुला हाक मारावीशी वाटली. मग मी दुरुस्तीवाल्याची वही दाखवली, अकरा नावं वाचली. शेवटी सही आणि शिक्का दाखवला आणि म्हणालो, भाऊजी, तुम्ही काही नेलं नव्हतं. चूक माझी होती. मला जमलं तर क्षमा करा.

त्यांनी कागद नीट घडी करून मला परत दिला.

"तुमचं मन मोठं आहे दादा," ते म्हणाले. "माझ्यासाठी एवढं लिहिलंत. पण त्या पट्ट्या मीच नेल्यात. अकराच्या अकरा. इथेच कुठेतरी ठेवल्यात, सापडत नाहीत."

मी म्हणालो, नाही हो, ही वही बघा. त्यांनी वही बघितली नाही. ते म्हणाले, मी नेल्या नसत्या तर तुम्ही चाव्या का काढून घेतल्या असत्या? तुम्ही तसं उगाच करणारे नव्हे.

ठके, मी त्यांच्याशी वाद घातला. तासभर घातला. आजारी माणसाशी, तो निर्दोष आहे यावरून. जितकं मी सांगावं तितके ते घाबरे होत गेले. त्यांना वाटायला लागलं, की मी खोटं लिहून त्यांना वाचवतोय आणि त्यात माझाच कारखाना अडकेल. परत जमिनीवर बसून खण उपसायला लागले. एकेक मोजा उलटा करून बघत होते. म्हणत होते, थोडी मुदत द्या, सापडल्या की मी स्वतः आणून देतो.

तीन वर्षं त्या माणसानं माझ्या दोन ओळींची वाट बघितली, आणि त्यांना लागलेला आरोप तेवढा त्यांच्या डोक्यात शिल्लक राहिला. बाकीचं सगळं गळून गेलं, आणि ते मी भरलेलं तसंच आहे. जानेवारीत ते विचारत होते. फेब्रुवारीतही विचारत होते. तेव्हा आलो असतो तर त्यांनी वही वाचली असती, पट्ट्या मोजल्या असत्या, मला दोन शब्द सुनावले असते. हे मी तुझ्यापेक्षा जास्त वेळा स्वतःला सांगितलंय.

मग मी एक केलं. ते तुला सांगायलाच हे पत्र आहे. तुला ते आवडणार नाही, कदाचित तू पुन्हा दार उघडणार नाहीस.

मीही खाली त्यांच्याजवळ बसलो, त्यांचा हात धरला आणि म्हणालो, भाऊजी, राहू द्या. नेल्या तर नेल्या. मी तुम्हाला माफ केलं.

त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, खरंच? मी म्हणालो, खरंच. ते रडले, मग डोळे पुसले, मग खण उचलून कपाटात बसवायला लागले. मीही मदत केली. पंधरवड्यात पहिल्यांदा घरातले सगळे खण जागेवर गेले, ते तू संध्याकाळी बघितलं असशील.

मी उठलो तेव्हा त्यांनी बाहीला धरून मला थांबवलं. म्हणाले, "हिला मात्र सांगू नका. तिला वाटतं, मी नेल्या नाहीत."

दादा